धवलारणीची हॅट

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाय म्हणायचो. तिचे केस जन्मापासून पांढरे, पापण्या पांढऱ्या, अंग गुलाबी. डोळ्यांतली बुबुळं कधी एका जागी ठरायची नाहीत. कुणाकडे नीट बघायचं असलं की ती मान थोडी वाकडी करायची आणि अगदी जवळ जायची. गावात कुणी म्हणायचं कोड आहे, कुणी म्हणायचं देवीचा कोप. शाळेतल्या मास्तरांनी आईला सांगितलं, "अशा मुलांना सूर्यमुखी म्हणतात." आईला तो शब्द आवडला. काहीतरी मानाचं असेल असं तिला वाटलं असावं. ती शेजारणींना सांगायची, "आमची पोर सूर्यमुखी हाय." पुढे मोठी झाल्यावर बाय एकदा म्हणाली, "सूर्याकडं तोंड कराची सोय नाय, आन् नाव बगा काय ठेवलंय."

आमचं गाव बेलापूरच्या खाडीकाठचं. बाबा मिठागरात कामाला होते. फाल्गुन-चैत्रात वाफ्यांत मीठ धरलं की सगळा पट्टा असा पांढरा व्हायचा की धडधाकट माणसालाही डोळे किलकिले करावे लागायचे. एरवी ऊन वरून लागतं, मिठागरात ते खालूनही लागतं. बाबांची भाकरी घेऊन आई जायची, मी तिच्यामागून. बाय घरात. एकदा आईला ताप होता आणि मी शाळेत होते, म्हणून बाय भाकरी घेऊन गेली. बांधावरून ती अंदाजाने चालत गेली आणि अंदाजानेच परत आली. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडावर फोड उठले. डोळे सुजून मिटले ते कितीतरी दिवस उघडले नाहीत. आईने कोरफड लावली, ताकाच्या घड्या ठेवल्या. बाबा उंबऱ्यात बसून होते. त्यांनी त्या दिवशी एवढंच सांगितलं, "हिला दुपारची भायेर सोरू नका."

त्यानंतर बायचं सगळं आयुष्य घराच्या आतल्या अंगाला गेलं. शाळा सुटली. फळ्यावरचं दिसत नव्हतंच. दिवसा ती आतल्या खोलीत जाळ्याचं सूत नीट करायची, तांदूळ बोटांनी चाचपून निवडायची, आणि आत्याजवळ बसायची.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागतेच. हळदीपासून वरात घरात येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ते म्हणत म्हणत तो विधी करवून घ्यायचा तो धवलारणीने. आधी कुणाची पूजा, कलश कुणी धरायचा, पाण्याला कोण जाणार, हे ती गाण्यातूनच सांगते. ही गाणी कागदावर कुठे नाहीत. आत्याच्या डोक्यात होती, ती हळूहळू बायच्या डोक्यात गेली. आत्या दुपारी पडल्या पडल्या म्हणायची आणि बाय अंधारात बसून तिच्यामागून म्हणायची. मी अभ्यास करत असायचे. माझ्या इतिहासाच्या सगळ्या लढाया त्या गाण्यांच्या पार्श्वभूमीवर पाठ झाल्या आहेत.

नवं शहर वसवायचं म्हणून सत्तरच्या सुमारास आमच्या भागातल्या जमिनी सरकारने घ्यायला सुरुवात केली. मिठागरंही एकेक करून गेली. ट्रकमागून ट्रक मातीचे यायचे आणि वाफ्यांत रिकामे व्हायचे. काम उरलं नव्हतं तरी बाबा सकाळी उठून बांधावर जाऊन बसायचे. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्याचं तांबडं झालं. मला वाटलं, घरात निदान एका माणसाला याचं बरं वाटेल. मी बायला तसं विचारलंही.

ती सूत उलगडत होती. म्हणाली, "मना पन वाटलेलं, बरं वाटंल. पन बाबा जेवत नाय ना नीट."

आत्याचे गुडघे धरले तेव्हा तिच्या जागी बाय जाऊ लागली. पहिल्या लग्नाला लोक नाइलाजाने आले होते, दुसरी कुणी मिळाली नाही म्हणून. बायने आवाज लावला आणि मांडवातली कुजबुज थांबली. तिचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता. जाड होता, आणि न थकता लांबवर जायचा. तिला समोरचं दिसत नसल्यामुळे ती कुणाकडे बघून गात नसे. मान वाकडी करून, डोळे अर्धे मिटून, आपल्याशीच बोलल्यासारखी गायची. बाया म्हणायच्या, अंगावर काटा येतो. त्या वर्षी तिला आणखी बोलावणी आली. पुढच्या वर्षी शेजारच्या गावांतून आली. तिचं स्वतःचं लग्न कधी ठरलं नाही, ठरावं म्हणून कुणी फारशी धडपडही केली नाही. पण गावातल्या कुणाचंही लग्न तिच्याशिवाय लागेना. "धवलारीन येली" म्हटलं की माणसं उठून जागा द्यायची. जिच्या वाटेला पोरं "मडमीन, मडमीन" ओरडत यायची, तिला आता पोरांच्या आया हाताला धरून पाटावर बसवायच्या.

अडचण एकच होती. लग्नं उन्हाळ्यात. विधी बरेचसे मांडवातले, पण विहिरीवर पाण्याला जाणं, गावदेवीला जाणं, वऱ्हाडाला सामोरं जाणं, हे सगळं उघड्यावर. ती डोक्यावरून पदर घ्यायची. आगरी लुगड्याचा पदर डोकं झाकतो, पण डोळ्यांवर आणि कानांवर सावली धरत नाही. छत्री घ्यावी तर दोन्ही हात पूजेच्या ताटात गुंतलेले. दुसऱ्या कुणी धरावी तर गर्दीत ती हलायची, कधी तिच्यावर, कधी शेजारणीवर. शिवाय लग्नात काळी छत्री नको, असं म्हणणारं कुणीतरी असायचंच. मग बाय तशीच चालायची. संध्याकाळी घरी आली की मी तिच्या मानेला ताक लावायचे. इतकी वर्षं असंच चाललं.

मी तोवर मॅट्रिक होऊन बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते. आसपास रिकामी जमीन, खडीचे ढीग आणि मध्येच उभ्या राहिलेल्या इमारती. घरापासून चालत जाता यायचं.

बायच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली होती. ती पडायची आणि पुन्हा यायची. मी विचारलं की म्हणायची, "काय नाय, बुगडी लागली." बुगडी तिने काढून ठेवली, हळद लावली, तरी खपली जाईना. एका पावसाळ्यात तिच्या उशीवर रोज रक्ताचा ठिपका दिसायला लागला, तेव्हा मी रजा काढली आणि तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं.

तपासणारी डॉक्टर बाई तरुण होती. तिने कान पाहिला, मान पाहिली, हातांच्या मागच्या बाजू पाहिल्या. तुकडा तपासायला पाठवला. पुन्हा बोलावलं तेव्हा ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "कॅन्सर आहे. पण कातडीतच आहे. तेवढा भाग काढून टाकू."

बाय बाकावर बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरबाय, माज्याशी बोला. मना दिसत नाय बराबर, पन आयकू येतं."

डॉक्टर तिच्याकडे वळली. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसली आणि सगळं तिलाच सांगितलं. या कातडीला उन्हापासून राखणारा रंगच नाही, उन्हानेच हे झालं आहे, पुन्हाही होऊ शकेल. "तुम्ही दुपारी बाहेर पडायचंच नाही."

"लग्नं दुपारची असतात."

"मग लग्नाला जाऊ नका."

बायने मान फिरवली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, ही लग्नात गाते, हिच्याशिवाय लग्न लागत नाही. डॉक्टरला ते कितपत कळलं कोण जाणे, पण तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग हॅट घाला. रुंद काठाची. कान, नाक, मान, सगळं सावलीत आलं पाहिजे. रोज. लग्नाला सुद्धा."

ऑपरेशन झालं. कानाचा वरचा भाग गेला. पट्ट्या सुटल्या तेव्हा बायने तिथे बोट फिरवलं, बुगडीची जागा शोधली, ती नव्हती. घरी आल्यावर तिने उजव्या कानातली बुगडीही काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "एकीला काय कराचंय."

बाबा त्या दिवसांत फार बोलायचे नाहीत. एका सकाळी ते मला म्हणाले, "टोपीचं बग कायतरी. पोर घरात बसली त मरंल."

आता हे सांगायला सोपं वाटतं, पण बाईमाणसाने हॅट घालायची हेच आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. तीही लग्नात, नव्या लुगड्यावर, डोकीत गजरा असताना. आधी आम्ही घरात मिळेल ते करून पाहिलं. बाबांनी आपलं पावसाळी इरलं कापून लहान केलं. ते खाली मानेला टोचायचं. मी कचेरीच्या कोपऱ्यावरून प्लास्टिकची पुढे झाप असलेली टोपी आणली. तिच्याखाली बायचं डोकं पाच मिनिटांत निथळलं आणि कान तर उघडेच. मग तान्ह्या मुलांना घालतात तशी पांढऱ्या कापडाची, कानावर पाळ्या येणारी एक शिवून पाहिली. ती घालून बायने गाण्याची एक ओळ म्हटली आणि लगेच टोपी काढली.

"काय झालं?"

"मना माजाच आवाज आतून येतो. मांडवातला आयकू येत नाय. मागच्या बाया धरतात का सोरतात, मना कसं कलंल?"

म्हणजे कान झाकायचा, पण बंद करायचा नाही. डोकं झाकायचं, पण वारा खेळला पाहिजे. डोळ्यांवर सावली, पण जमीन दिसली पाहिजे, नाहीतर ती ठेचकाळणार. आणि वर ती लग्नात शोभली पाहिजे. आमच्या कचेरीतल्या एका गृहस्थांच्या घरी त्यांच्या वडिलांची जुनी सोला हॅट होती, साहेबाच्या काळातली. त्यांनी ती आणून दिली. हलकी होती, थंडही होती. पण बाय ती घालून अंगणात उभी राहिली तेव्हा आईच्या डोळ्यांना पाणी आलं. शिकारीला निघालेल्या साहेबासारखं ते ध्यान. बायला ते दिसत नव्हतं, पण आईचा श्वास तिला ऐकू आला. तिने हॅट काढून माझ्याकडे दिली आणि आत गेली.

शेवटी लग्नसराई सुरू व्हायच्या आधी एका शनिवारी मी तिला घेऊन बसने पूल ओलांडून मुंबईला गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत टोप्यांचं एक जुनं दुकान आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. लांबट, अंधारं दुकान, वर पंखा, भिंतीवर फळ्यांवर टोप्या. काळ्या टोप्या, जरीच्या टोप्या, पोलिसांच्या, बँडवाल्यांच्या. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा बोहरी बसला होता. बाय दारात आली तसा तो ताडकन उठला.

"यस मॅडम! प्लीज कम, मॅडम, प्लीज सिट!"

बाय थांबली. त्याला काय वाटलं ते तिला कळलं. तिच्या अंगावर गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं लुगडं होतं, गळ्यात मण्यांची माळ होती, तरी त्याने फक्त रंग पाहिला होता.

"मी बेलापूरची हाय," ती म्हणाली. "लग्नात गानी म्हनते. मना टोपी पायजे उनाची."

म्हातारा ओशाळला. पण दुकानदार होता, सावरला. खुर्ची पुसून त्याने तिला बसवलं, आरसा पुढे सरकवला आणि मोडक्या मराठीत विचारायला लागला. बाहेर किती वेळ राहणार? अंबाडा कुठे बांधता? वर पदर घेणार की नाही? मी उत्तरं देत होते. त्याने आधी करड्या लोकरी फेल्टची एक हॅट काढली, मऊ, महागडी, रेशमी फितीची. "एकदम डिसेंट," म्हणाला. बायने ती हातात घेतली, आत हात घातला आणि परत दिली. "घोंगरी हाय ही." त्याने पांढऱ्या कापडाची, ताठ काठाची एक दिली. ती तिने बोटांनी चाचपली, डोळ्यांजवळ नेली. "पांढरी नको. पांढरी मी पुरे हाय." ती हे हसून म्हणाली नव्हती. म्हातारा हसायला आला होता तो थांबला.

मग तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेल्या दोन-तीन काढल्या. कसल्यातरी बारीक गवताच्या विणलेल्या. रंग पिकल्या भाताच्या पेंढ्यासारखा. उजेडासमोर धरल्या तर विणीतून पंख्याची पाती दिसत होती. त्यातली एक बायच्या डोक्यावर बसली. आत घामासाठी सुती पट्टी होती. काठ चांगला वीतभर. मागे अंबाडा अडत होता, तो तिने सोडून खाली मानेवर बांधला.

"मी गाऊन बगू का?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "गाव ना बाई, दुकान खाली हाय."

ती बसल्या जागी, हात मांडीवर ठेवून, पाण्याला जायचं गाणं म्हणायला लागली. आधी हळू, मग तिच्या नेहमीच्या आवाजात. गल्लीतला एक हमाल दारात थांबला. मागे शिलाईचं मशीन चालू होतं ते बंद झालं. कितीतरी कडवी म्हटल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पंख्याचा आवाज येतो. मशीन बंद झाली ती पन आयकली. ही चालंल."

मी म्हटलं, "बाय, कान दिसतोय."

डाव्या बाजूने कापलेला कान खरंच उन्हात राहिला असता. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. काय झालं, वगैरे विचारलं नाही. चहाची किटली स्टोव्हवर उकळत होती, तिच्या वाफेवर त्याने हॅटचा डावा काठ धरला. गवत मऊ झालं तसा बोटांनी तो खाली वळवत नेला आणि गार होईपर्यंत हातात धरून उभा राहिला. पुन्हा घालून पाहिली तेव्हा कान सावलीत आला होता, तरी काठ आणि कान यांच्यात बोटभर मोकळी जागा होती. काठाला दोन्ही बाजूंनी त्याने नाडी शिवून दिली.

"आता बघा," म्हणाला.

बाय उठली. आरशाजवळ गेली, आणखी जवळ गेली, नाक काचेला टेकेपर्यंत. आमच्या घरात तळहाताएवढा एकच आरसा होता, बाबांच्या दाढीचा. इतकं मोठं, पुरं तोंड तिने कधी पाहिलं नसेल. ती बराच वेळ तशी उभी होती. तिच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, ती पदराने पुसायची आणि पुन्हा बघायची. मी दुसरीकडे बघत राहिले. शेवटी ती मागे सरली आणि मला म्हणाली, "आत्यासारकी दिसते गं मी."

हॅट घेऊन आम्ही आलो. दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी ती घालून भरावाच्या मोकळ्या जमिनीवर फिरून आली, मुद्दाम. बाबा मागून चालत होते. परत आल्यावर म्हणाली, मान, कान, नाक ठीक आहे, डोक्यालाही गार वाटतं. पण काठाची खालची बाजू उजळ आहे, जमिनीवरचं ऊन तिथे आपटून डोळ्यांत येतं. खालून गडद कापड लाव.

आत्या खाटेवर पडली होती. तिने आपली ट्रंक काढायला लावली. तळाशी तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं, घडीवर चिरलेलं. आत्याने ते कधी नंतर नेसलं नव्हतं, कुणाला दिलंही नव्हतं. "काप," ती मला म्हणाली. मी कात्री धरून तशीच बसले. "काप गं. मी काय आता नेसनार हाय?" त्याचं गोल अस्तर मी दोन संध्याकाळी बसून हाताने शिवलं. गडद हिरवं, लग्नाला चालणारं. फितीच्या जागी लुगड्याचाच काठ लावला.

पहिलं लग्न आमच्याच गावातलं होतं, नवऱ्या मुलाच्या घरचं. हळद मांडवात झाली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाण्याला जायची वेळ झाली. सवाष्णी कळशा घेऊन उभ्या राहिल्या, वाजंत्री उठली. बायने माझ्या हातातून हॅट घेतली, डोक्यावर चढवली, नाडी बांधली. मुलाची आई पुढे आली. ती वाईट बाई नव्हती. घाबरली होती, एवढंच. थोरला मुलगा, पहिलं कार्य, आणि शंभर माणसं बघत होती.

"ही काय डोकीवर? देवाच्या पान्याला टोपी घालून जातात काय? उतरव ती."

"डॉक्टरनं सांगितलंय."

"आज एक दिस उतरव. माज्या पोराच्या लग्नात मना मडमीन नको."

तो शब्द कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडावर कुणी उच्चारला होता. मी पुढे व्हायला लागले, तर बायने माझा हात धरला. ती शांतपणे म्हणाली, "मांडवात उतरवीन, वैनी. उनात नाय. तुमी दुसरी कोन न्या. मी हितं सावलीत बसते." आणि ती खरंच मांडवाच्या खांबापाशी जाऊन पाटावर बसली. हॅट काढून मांडीवर ठेवली.

बाया एकमेकींकडे बघत निघाल्या. वाजंत्री वाजत होती. एका म्हातारीने सुरुवात केली, पण तिला पुढचं आठवेना. दुसरीने दुसरंच धरलं. आम्हाला मांडवात ते सगळं ऐकू येत होतं, हळूहळू लांब जाणारं. मग गाणं बंद पडलं. नुसती वाजंत्री राहिली, आणि काही वेळाने तीही थांबली. बायचे ओठ हलत होते. ती पुढची ओळ म्हणत होती, आवाज न काढता.

थोड्या वेळाने त्या परत आल्या. कळशा रिकाम्या. पुढे मुलाची आई. तिचं तोंड उन्हाने लाल झालं होतं. तिने बायसमोर बसकण मारली आणि म्हणाली, "पानी मुक्यानं आनता येत नाय गं. चल."

बायने हॅट उचलली. नाडीची टोकं तिला सापडेनात. तेव्हा त्या बाईनेच ती तिच्या हनुवटीखाली बांधली.

मी त्यांच्यामागून गेले. समोर रिकामी तापलेली वाट, पिवळी लुगडी, हिरवी लुगडी, आणि सगळ्यांच्या मध्ये ती एक हॅट. तिच्याखालून बायचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा थोडा खोल. विहिरीपाशी पोचेस्तोवर ती हॅट बघायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्यानंतर पुष्कळ लग्नं झाली. कुणी पाठीमागे बोललं असेल, तोंडावर बोललं नाही. निमंत्रण द्यायला येणारी माणसं आपणहून सांगायची, "बाय, टोपी घेऊन ये हां, ऊन लय हाय." वाशीकडची एक सून तर तिला विचारायची, कुठून आणलीस, मलाही पाहिजे. आत्या गेली तेव्हा तिच्या दहाव्यालाही बाय ती हॅट घालूनच खाडीवर गेली, आणि काही वाटायचं कारण कुणाला दिसलं नाही. पावसाळ्यात ती भिंतीला टांगून ठेवायची, गवताला बुरशी यायची ती मी ब्रशने काढायचे. काठ विरला तेव्हा आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. म्हातारा नव्हता. त्याच्या मुलाने दुसरी दिली. ती तितकी हलकी नव्हती, पण चालली.

दुखणं संपलं असं नाही. तीन-चार वर्षांनी नाकाच्या शेंड्यावर पुन्हा खपली आली, पुन्हा काढावी लागली. त्याच डॉक्टर बाईने काढली. ती म्हणाली, हे आधीच्या वर्षांचं ऊन आहे, आता बाहेर येतंय. बायने विचारलं, "अजून किती बाकी हाय?" डॉक्टरने पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून दिली. परत येताना बसमध्ये बाय खिडकी सोडून आतल्या बाजूला बसली होती, हॅट मांडीवर. मी तिचा हात धरला, तो तिने धरू दिला.

त्याच सुमाराला एका दुपारी उरणकडची एक तरुण बाई आमचं घर विचारत आली. तिच्या कडेवर पदराखाली झाकलेलं मूल होतं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की बेलापुराकडे अशी एक धवलारीण आहे. ती ओटीवर बसली आणि पदर बाजूला केला. सात-आठ महिन्यांची पोर. पांढरं जावळ, पांढऱ्या पापण्या, उजेडाने डोळे घट्ट मिटलेले. बाई रडायला लागली. सासूने मुलीला बघायचं सोडलं होतं, नवरा बोलत नव्हता.

आई उठून पाणी आणायला गेली. बायने हात पुढे केले. मूल तिच्या मांडीवर ठेवल्यावर तिने ते तोंडाजवळ नेलं, इतकं की दोघींची नाकं लागली. पोरीचे डोळे हळूच उघडले. तिचीही बुबुळं हलत होती.

"रडू नको," बाय त्या बाईला म्हणाली. "दुपारची भायेर नेऊ नको हिला. पन घरात कोंडू पन नको. शालेत घाल. मास्तरला सांग, फुडं बसवा. अंगाला उन लागंल असं कायच घालू नको, पुऱ्या हाताचं शिव." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "पोरी, सुई-दोरा आन. हिची डोकी मोजूया."

त्या बाईने विचारलं, "हिला गानं येईल काय, तुमच्यासारकं?"

"ते हिला इचार," बाय म्हणाली. "मोटी झाल्यावर."